पॅकेजमधला डॉप्लर चोख, लघवीतून काढलेला ‘मेंदूतील रसायनांचा आलेख’ मात्र निरुपयोगी

कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतील तपासणी केंद्रात गेल्या महिन्यात आईची ‘मेंदूचा रक्तप्रवाह व न्यूरोट्रान्समीटर’ (म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारी रसायने) या नावाने विकली जाणारी एकत्रित तपासणी करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या चार खोल्यांविषयी कमी आणि तिथे विकल्या जाणाऱ्या एका कल्पनेविषयी अधिक आहे. एकूण खर्च ९,८०० रुपये. त्यात मानेतील धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी), कानशिलावरून केलेला मेंदूच्या धमन्यांचा डॉप्लर, रक्ताच्या काही तपासण्या, स्मरणशक्तीची चाचणी, लघवीच्या नमुन्यावरून तयार केलेला ‘न्यूरोट्रान्समीटर प्रोफाइल’ आणि शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांशी वीस मिनिटांची भेट, एवढे सारे येते.

आईचे वय ७६. गेल्या दिवाळीत करंज्यांना मुरड घालता घालता तिच्या उजव्या हाताची बोटे एकाएकी ढिली पडली आणि ‘सारण आण’ एवढे दोन शब्द सांगताना तिची जीभ अडखळू लागली. अर्ध्या तासात सारे पूर्ववत झाले. रुग्णालयात निदान झाले ते मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता खंडित झाल्याचे, ज्याला आपण बोलताना मिनी स्ट्रोक म्हणतो. एमआरआयमध्ये ताजी इजा दिसली नाही, परंतु मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या आजाराचे ठिपके दिसले. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची औषधे सुरू झाली. हात पुन्हा कधी ढिला पडला नाही; बदलले ते दुसरेच काहीतरी. रोजचे शब्दकोडे दुपारपर्यंत कोरे राहू लागले, भजनी मंडळाला जायचा कंटाळा येऊ लागला, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर यायचे, पण इतक्या उशिरा यायचे की तोवर विचारणारा दुसऱ्या कामाला लागलेला असे.

अशा वेळी शेजाऱ्यांनी या केंद्राचे पत्रक आणून दिले. ‘रक्तप्रवाह घटला की मेंदूतील सेरोटोनिन व डोपामाइन घटते. आपली पातळी आजच जाणून घ्या,’ असा त्यावरचा मजकूर होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे पहिले वाक्य अर्धे खरे आहे हे कळले आणि दुसऱ्या वाक्यातला ‘पातळी’ हा शब्द खटकला. तरीही पैसे भरले. आईसाठी काहीतरी करतो आहोत हे समाधान विकत घेण्याच्या मन:स्थितीत मी होतो, हे कबूल केलेले बरे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. सकाळी साडेसातची वेळ दिली होती आणि पावणेआठला आत घेतले. लिफ्ट चालू होती, स्वच्छतागृहात धरायला दांडी होती. गाडी लावायला जागा नाही, तेव्हा नळ स्टॉपला मेट्रोने उतरून रिक्षा करणे सोयीचे. वाट पाहण्याच्या खोलीतील दूरचित्रवाणी संच बंद करायची विनंती केली, तर तो खरोखर बंद केला गेला.

डॉप्लर करणाऱ्या तरुण तंत्रज्ञ बाईंचे काम पाहण्यासारखे होते. जेल कोमट करून लावले, ‘आजी, मान जरा डावीकडे, आता गिळू नका’ अशा सूचना प्रत्येक वेळी आधी दिल्या, आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या घाई न करता तपासल्या. अहवालात नुसते ‘सौम्य बदल’ असे न लिहिता रक्ताच्या वेगाचे आकडे दिले आहेत. डाव्या आतल्या कॅरोटिड धमनीत हृदयाच्या ठोक्यासरशी गाठला जाणारा कमाल वेग सेकंदाला ११८ सेंटिमीटर आला. नळीचे तोंड अरुंद झाले की त्या जागी पाण्याचा वेग वाढतो, तेच तत्त्व इथे वापरलेले असते; हा वेग १२५ च्या पुढे गेला तर धमनी निम्मी किंवा त्याहून अधिक अरुंद झाली असावी आणि २३० च्या पुढे गेला तर ७० टक्क्यांहून अधिक, असे सर्वसाधारणपणे मानतात. दिवाळीतल्या रुग्णालयाच्या अहवालाशी ताडून पाहिले, तर फरक नगण्य होता. म्हणजे मानेतला मोठा नळ ठीक होता.

कानशिलावरच्या डॉप्लरविषयी तर माझा आदरच वाढला. कवटीच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी आत पाठवून मेंदूच्या धमन्यांतील वेग मोजण्याची ही पद्धत रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये पुढे आणली. वयस्क स्त्रियांमध्ये मात्र कानशिलाचे हाड पुष्कळदा लहरींना वाट देत नाही. आईच्या उजव्या बाजूला तसेच झाले, आणि तंत्रज्ञ बाईंनी ‘उजवीकडे खिडकी मिळाली नाही, मापन झाले नाही’ असे स्वच्छ लिहिले. जे मोजता आले नाही ते मोजले नाही असे लिहिणारा माणूस त्या केंद्रात होता, हे पुढचा, लघवीच्या आलेखाचा कागद वाचताना मला वारंवार आठवत राहिले.

तो कागद किती पाण्यात आहे हे सांगण्यासाठी रक्तप्रवाह आणि ही रसायने यांचा संबंध जरा विस्ताराने मांडावा लागेल.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असतो, पण स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. दर १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त वाहते. साठवण जवळजवळ नाही. आपल्याकडे खडकवासल्याचे पाणी दिवसातून दोनदा आले तरी गच्चीवरच्या टाकीवर घर चालते. मेंदू म्हणजे टाकी नसलेले आणि चोवीस तास चूल पेटती ठेवणारे घर आहे. रक्ताभिसरण पूर्ण थांबले तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते ती यामुळेच. प्रवाह १०० ग्रॅममागे २० मिलिलिटरच्या आसपास उतरला की पेशींची विद्युत हालचाल मंदावून थांबते. १० च्या आसपास आला की पेशींच्या आवरणावरचे, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंपच बंद पडतात आणि पेशी मरू लागतात. या दोन पायऱ्यांमधला, मुका पण अजून जिवंत असलेला जो भाग, त्याला १९८१ मध्ये अॅस्ट्रप, सीस्यो आणि सायमन यांनी ग्रहणातल्या उपच्छायेचे नाव दिले. पक्षाघाताच्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची जी धडपड चालते, ती त्या उपच्छायेतल्या पेशींसाठी.

आता रसायनांकडे वळू. चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या नसतात; मधल्या सूक्ष्म फटीत एक पेशी रसायन सोडते आणि दुसरी ते ओळखते, असा निरोपांचा व्यवहार चालतो. या निरोप नेणाऱ्या रसायनांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे, समोरच्या पेशीला उत्तेजित करणारे रसायन म्हणजे ग्लुटामेट. निरोप पोचला की ते तत्काळ उचलून घ्यावे लागते, आणि हे काम प्रामुख्याने ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी करतात. या उचल करणाऱ्या यंत्रणेला बळ मिळते ते आतबाहेरच्या सोडियमच्या फरकातून, आणि तो फरक टिकतो पंपांमुळे. रक्त आटले, इंधन संपले, पंप थांबले की सोडियमचा उतार सपाट होतो आणि उचल करणारी यंत्रणा उलटी चालू लागते. जे आत घ्यायचे तेच बाहेर फेकले जाते. १९८४ मध्ये बेनवेनिस्टे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात बारीक नळी ठेवून पेशींबाहेरील द्रव मोजला. दहा मिनिटे रक्तपुरवठा थांबवल्यावर तिथले ग्लुटामेट सुमारे आठपट झाले होते.

म्हणजे पत्रकात लिहिल्याप्रमाणे रक्तप्रवाह घटला की रसायने घटतात, हे सरसकट खरे नाही. पेशींबाहेरचे ग्लुटामेट पुरासारखे वाढते. तीव्र टंचाईत डोपामाइनही साठ्यांतून भसाभसा बाहेर सांडते. ग्लुटामेटच्या अतिरेकाने समोरच्या पेशीत कॅल्शियम शिरते आणि ती पेशी उत्तेजनानेच मरते. जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये या प्रकाराला उत्तेजक विषाक्तता असे नाव दिले. मग ग्लुटामेट अडवणारे औषध दिले की पक्षाघात आटोक्यात येईल, असे कोणालाही वाटेल, आणि तसे संशोधकांनाही वाटले होते. प्राण्यांत उत्तम ठरलेली अशी औषधे माणसांवरच्या चाचण्यांत एकामागून एक निष्प्रभ ठरली. इंजेक्शन मिळेपर्यंत पुराचे पाणी येऊन गेलेले असते हे त्याचे एक कारण; आणि ग्लुटामेटशिवाय मेंदूचा साधा व्यवहारही चालत नसल्याने ते सरसकट अडवणे परवडत नाही, हे दुसरे.

हे झाले तीव्र प्रसंगाचे. आईची अडचण वेगळी होती, आणि अनेक घरांत ती तशीच असणार: प्रवाह थांबलेला नाही, वर्षानुवर्षे थोडा तोकडा पडतो आहे. इथे पूर येत नाही, झिरप कमी होते. सेरोटोनिन ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ट्रिप्टोफॅनपासून बनते आणि डोपामाइन व नॉरॲड्रेनालिन ज्याच्या साहाय्याने टायरोसिनपासून बनतात, त्या दोन्ही विकरांना प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू कच्चा माल म्हणून लागतो. इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन वेगळाच. ॲसिटिलकोलीन या स्मरण आणि अवधानाशी निगडित रसायनाचे तर आणखी नाजूक आहे. ते ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या घटकापासून बनते, आणि ऑक्सिजनची टंचाई सौम्य असतानाही, पेशीतील ऊर्जेचा साठा मोजण्याइतका घटण्याआधीच, त्याची निर्मिती मंदावते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेले आहे.

पण माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट आहे ती वाटेची. ॲसिटिलकोलीन वापरणारे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या केंद्रकातून निघून पांढऱ्या भागातून लांबवर पसरतात. सेरोटोनिनचे तंतू तर मेंदूच्या देठापासून वर येतात. बारीक रक्तवाहिन्या आखडून पांढऱ्या भागात जे ठिपके पडतात, ते याच वाटांवर. टपाल कार्यालयात पत्रे भरपूर असतील, पण पूलच वाहून गेला असेल तर पेठेतल्या घरी पत्र येणार नाही. अशा वेळी ‘मेंदूत पत्रे किती आहेत’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणत्या पुलापाशी, कोणत्या वेळी, असे विचारावे लागते. त्यात आणखी एक गुंता असा की हा व्यवहार एकतर्फी नाही. मेंदूचा जो भाग काम करू लागतो तिथला रक्तप्रवाह वाढतो, हे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडले होते, आणि त्या भागात सुटणारी ग्लुटामेटसारखी रसायनेच आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावण्याची क्रिया सुरू करतात. प्रवाह रसायने ठरवतो आणि रसायने प्रवाह ठरवतात.

एवढे समजल्यावर तो लघवीचा आलेख हातात घ्यावा. गुळगुळीत कागद, मेंदूचे रंगीत चित्र, सात रसायनांच्या सात पट्ट्या. आईचे सेरोटोनिन ‘जास्त’, डोपामाइन ‘कमी’, गॅबा (चेतापेशींना शांत करणारे रसायन) ‘अत्यल्प’ आणि खाली शेरा: ‘मेंदूतील असंतुलन, रक्तप्रवाहजन्य’.

शरीरातील सेरोटोनिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक आतड्याच्या अस्तरात बनते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. लघवीतल्या डोपामाइनचा मोठा भाग मूत्रपिंड स्वतःच बनवते. ॲड्रेनालिन मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथीचे आणि नॉरॲड्रेनालिन मुख्यतः शरीरभर पसरलेल्या चेतातंतूंचे. म्हणजे तो आलेख झालाच तर आतडे, मूत्रपिंड आणि ग्रंथींचा आहे. वर चित्र तेवढे मेंदूचे छापले आहे. आईच्या बाबतीत आणखी एक गंमत निघाली. नमुन्याच्या आदल्या रात्री तिने वाटीभर शिकरण खाल्ले होते. केळ्यात सेरोटोनिन भरपूर असते आणि त्यापासून तयार होणारा पदार्थ लघवीत उतरतो. म्हणून आतड्याच्या एका विशिष्ट गाठीसाठी जेव्हा हीच तपासणी योग्य कारणाने केली जाते, तेव्हा केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आधी वर्ज्य करायला सांगतात. या केंद्राच्या सूचनापत्रात आहाराविषयी एक ओळही नव्हती. मी विचारले तेव्हा काउंटरवरच्या सद्गृहस्थांनी ‘तेवढ्याने काही फरक पडत नाही’ असे सांगितले.

मेंदूतील रसायनांचा अंदाज घेण्याचे मार्ग आहेत, नाही असे नाही. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात त्यांचे अवशेष मोजतात, पेट स्कॅनने डोपामाइन ओळखणाऱ्या पेशींवरच्या जागा (रिसेप्टर) पाहता येतात, एमआरआयच्याच एका विशेष प्रकाराने ग्लुटामेट व गॅबा यांचा ठोकळमानाने अदमास घेता येतो. पण त्यांपैकी एकही आईसारख्या रुग्णासाठी रोजच्या वापरातला नाही, आणि एकही डबीत भरून आणून देण्याजोगा नाही.

नुसता कागद निरुपयोगी असता तर दोन हजार रुपये गेले असे म्हणून मी गप्प बसलो असतो. परंतु त्या आलेखाला जोडून एका ‘आहार समुपदेशक’ बाईंनी महिन्याला ३,२०० रुपयांच्या गोळ्या पुढे केल्या. त्यांत गॅबाची गोळी होती, गिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा अर्क होता आणि सेरोटोनिनचा पूर्वघटक असलेली एक कॅप्सूल होती. सेरोटोनिन जास्त दाखवणाऱ्या अहवालावर सेरोटोनिन वाढवणारी कॅप्सूल का, याचे उत्तर मला मिळाले नाही. तोंडावाटे घेतलेले गॅबा त्या पडद्यापलीकडे फारसे पोचत नाही. गिंकोविषयी अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्मृतिभ्रंश टळत नाही असेच आढळले. हे सारे सोडून देता येईल, पण गिंकोमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते, आणि आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तसेच नैराश्यावरील गोळ्या चालू असलेल्या माणसाने सेरोटोनिन वाढवणारी कॅप्सूल जोडीला घेतली तर ते धोक्याचे ठरू शकते. त्या बाईंनी आईला कोणती औषधे चालू आहेत हे एकदाही विचारले नाही. हा दोष मी किरकोळ मानत नाही.

स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून झाली, ही चांगली गोष्ट. खोली रस्त्याच्या बाजूला आहे, ही वाईट. आईला ३० पैकी २२ गुण मिळाले. घड्याळ अचूक काढले. पाच शब्दांपैकी आपणहून दोनच आठवले, पण ‘एक फूल होते’ असा इशारा मिळताच आणखी दोन निघाले. साठवण बरी, शोध मंद, असे याचे चित्र, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात ते पुष्कळदा असेच दिसते.

मेंदूविकारतज्ज्ञ बाहेरून आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी डॉप्लरचा अहवाल वाचला, एमआरआयच्या फिल्म प्रकाशात धरून पाहिल्या आणि रंगीत आलेख न उघडता माझ्याकडे सरकवला. ‘हा तुमच्याकडेच राहू द्या, मला तो लागत नाही,’ एवढेच म्हणाले. मग त्यांनी जे केले त्याला केंद्राच्या दरपत्रकात स्वतंत्र ओळसुद्धा नाही. आईला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घेतला, नंतर उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतला. आडवी असताना वरचा आकडा १४८, उभी राहिल्यावर ११२.

‘आजी, उठल्यावर अंधारी येते का?’

‘अंधारी नाही हो, पण दहा वाजेपर्यंत डोक्यात काही शिरत नाही. मग बरे वाटते.’

रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या ती सकाळी सहाला चहाबरोबर घेत असे. निरोगी मेंदू रक्तदाब बराच वरखाली झाला तरी आपल्या रक्तवाहिन्या आकुंचित किंवा रुंद करून प्रवाह स्थिर ठेवतो. पण ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, त्यांच्यात ही सांभाळून घेण्याची मर्यादाच वर सरकलेली असते, त्यामुळे इतरांना चालेल असा दाबही त्यांना कमी पडू शकतो. मानेतला नळ उघडा, आतल्या बारीक नळ्या ताठर आणि रोज सकाळी दाब एकाएकी खाली, असे आईचे होत होते. डॉक्टरांनी गोळ्यांत स्वतः बदल केला नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून वेळा विभागण्याचा विचार करायला सांगितले. त्याचबरोबर हेही बजावले की याचा अर्थ रक्तदाब वाढू द्यायचा असा नव्हे. वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्या गटात सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण घटले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले होते. फक्त तो आकडा गाठताना माणूस उभा राहिल्यावर काय होते हे पाहावे लागते.

दुसरी हाती लागलेली गोष्ट रक्ताच्या तपासणीतली: आईचे बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी आणि होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात साचणारा घटक) वाढलेले. पुण्यात याचे कोणाला नवल वाटू नये. इथल्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. चेतातंतूंचे आवरण आणि या निरोप नेणाऱ्या रसायनांची घडण, दोन्हींशी या जीवनसत्त्वाचा संबंध पोचतो. सात पट्ट्यांच्या आलेखात हे नव्हते. साध्या रक्ततपासणीच्या शेवटच्या पानावर होते.

मी नैराश्याविषयी विचारले. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ते गाठते, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातून उतारवयात येणारे नैराश्य हा स्वतंत्र प्रकार असावा, ही कल्पना १९९७ पासून चर्चेत आहे. मग सेरोटोनिन वाढवणारे औषध सर्वांनाच का देत नाहीत? डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला पटले. २०११ मध्ये फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या चाचणीत फ्लुओक्सेटीन या अशाच औषधामुळे पक्षाघातानंतर हातापायांची हालचाल अधिक सुधारल्याचे दिसले होते. पण २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत दैनंदिन कार्यक्षमतेत फरक आढळला नाही, नैराश्य कमी जणांना आले आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. तेव्हा आधी दाब आणि बी-१२ सावरू, दीड महिन्याने मनाची स्थिती पुन्हा पाहू आणि गरज दिसली तरच गोळी देऊ, असे ठरले. वीस मिनिटांची भेट पस्तीस मिनिटे चालली आणि जादा पैसे मागितले नाहीत.

आई आता उठल्यावर दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसते. रक्तदाबाची एक गोळी रात्रीवर गेली आहे, बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत. शब्दकोडे पूर्वीसारखे पुरे होत नाही, पण न्याहारीच्या आधी सुरू होते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे की पॅकेज पूर्ण घ्यावेच लागते असे काउंटरवर आधी सांगतात. पण आग्रह धरला तर दोन्ही डॉप्लर आणि तज्ज्ञांची भेट वेगळी करून मिळते आणि ती साधारण साडेपाच हजारांत बसते. ही सोय फलकावर लिहिलेली नाही. तज्ज्ञ येतात त्या दिवसाची वेळ घ्यावी, चालू औषधांची चिठ्ठी न विचारता पुढे ठेवावी आणि उभे राहून रक्तदाब मोजायला स्वतःहून सांगावे.

परवा केंद्रातून दूरध्वनी आला: तीन महिन्यांनी न्यूरोट्रान्समीटर तपासणी पुन्हा करायची असते, जुन्या ग्राहकांना निम्म्या दरात. फोन आईने घेतला होता. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘या खेपेला आदल्या रात्री शिकरण खायचे की नाही?’ पलीकडच्या ताईंनी विचारून सांगते म्हटले. अजून फोन आलेला नाही.